खालचा आकडा

बायको गेल्यानंतरचे काही आठवडे फोन येत राहिले. बहुतेक नातेवाइकांचे, थोडे तिच्या ऑफिसमधल्यांचे, आणि काही अशा माणसांचे की ज्यांना ती आयुष्यात कधी भेटली नव्हती. ती दिल्लीहून रेडिओवर मराठी बातम्या वाचायची. लातूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी कुठून तरी आमचा नंबर मिळवला होता. म्हणाले, "बाईंच्या आवाजाला काय वजन होतं हो. त्यांनी सांगितली की बातमी खरी वाटायची." मी "हो" म्हणालो. पुढे काही सांगायला हवं होतं, पण फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि माझ्यात तेवढं त्राणही नव्हतं. त्यांच्या कानात राहिला तो तिचा मूळचा आवाज नव्हता. तो तिला आजारानं दिला होता. त्याच आजारानं तिचा रक्तदाब कितीतरी वर्षं वर धरून ठेवला होता, आणि शेवटी ती गेली मेंदूत रक्तस्राव होऊन. हे तिन्ही कसं जुळतं ते मला उशिरा कळलं. आता वेळच वेळ आहे, म्हणून सावकाश लिहितो आहे.

लग्न झालं तेव्हा ती नुकतीच बातम्यांच्या विभागात लागली होती आणि मी एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात होतो. आर. के. पुरमचं क्वार्टर माझ्या नावावर होतं. दोन खोल्या, मागे एक बाल्कनी, खाली स्कूटरींची रांग. जिन्यात तमिळ, बंगाली, पंजाबी, सगळ्या फोडण्यांचे वास एकमेकांत मिसळलेले. दाराबाहेर हिंदी आणि दाराच्या आत मराठी, असा तिचा नियम होता. मुलगी मोठी होत गेली तसा तो नियम ढिला पडला. मुलगी मला "बाबा, चलो ना" म्हणायची आणि बायको कपाळाला हात लावायची.

तिचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तसं नुसतं वाचनाचं नव्हतं. इंग्रजी मजकूर एकेक पान करत टेबलावर यायचा. तो मराठीत उतरवायचा, आणि मग तेच कागद घेऊन स्टुडिओत जाऊन स्वतःच वाचायचे. भाषांतर करणारी तीच आणि वाचणारीही तीच. बुलेटिन दहा मिनिटांचं. शेवटी ठळक बातम्या पुन्हा सांगायच्या आणि लाल दिवा विझायच्या आत संपवायचं. कागदाकडे नुसतं बघून तिला कळायचं की हे किती वेळाचं आहे. आवाज तेव्हा बारीक होता, स्वच्छ आणि झरझर. घरीही तशीच बोलायची. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तिची तीन झालेली असायची, आणि त्यांतलं एक माझंच वाक्य पुरं करणारं असायचं.

मग ती वर्षं आली, जेव्हा सगळीच घाई सुरू झाली. केबलवाल्यानं या गच्चीवरून त्या गच्चीवर तारा टाकल्या. खालच्या स्कूटरींमध्ये एक-दोन गाड्या उभ्या राहायला लागल्या. ऑफिसातले लोक यमुनेपलीकडच्या, गुडगावच्या सोसायट्यांचे नकाशे एकमेकांना दाखवायला लागले. टीव्हीवर नवी मुलं-मुली श्वास न घेता बातम्या सांगत होती. आणि त्याच दिवसांत माझी बायको हळू व्हायला लागली.

हे एकदम झालं नाही, म्हणून दिसलंही नाही. आधी तिला थंडी वाजायला लागली. दिल्लीत मार्चमध्ये लोक स्वेटर धुऊन ट्रंकेत ठेवतात. ही शाल पांघरून पंख्याखालून उठून जायची. कंगव्यात केस येत. पायांची कातडी कोरडी पडली. चेहरा भरला, ते आम्ही वयावर घातलं. दुपारी घरी आली की पर्स हातातच धरून खुर्चीवर बसून राहायची. "काय झालं?" विचारलं तर म्हणायची, "काही नाही. उठते." आणि बराच वेळ उठायची नाही.

बोलणंही मंदावलं. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, तू बोलतेस की डिक्टेशन देतेस?"

"तू लिहून घेतेस थोडीच," बायको म्हणाली. "शांतपणे ऐकलंस तरी पुरे."

"पण तू पूर्वी अशी नव्हतीस यार. पूर्वी तू ओरडायचीस ना, तर मला पळायला टाइमच मिळायचा नाही. आता तुझं 'अ' होईपर्यंत मी बसस्टॉपवर."

"मग जा की बसस्टॉपवर."

आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

ऑफिसमध्ये मात्र उलटच घडत होतं. तिचा आवाज खाली गेला होता, जाड झाला होता, त्याला किंचित घोगरी कड आली होती. तिच्या विभागप्रमुखांना तो फार आवडला. ते नागपूरकडचे, जुन्या पद्धतीचे गृहस्थ. आमच्याकडे जेवायला आले असताना मला म्हणाले, "तुमच्या मिसेस आता खऱ्या पिकल्या. तरुणपणी जरा चिमणीसारखं वाचायच्या, वाईट वाटून घेऊ नका." गावोगावहून पत्रं यायची त्यांतही हेच असे: बाई धीरगंभीर वाचतात, समजून वाचतात.

हळू वाचूनही तिचं बुलेटिन वेळेत कसं संपत होतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. ती लिहितानाच कमी लिहीत होती. 'जे', 'ज्यामुळे', 'असं असलं तरी' यांनी जोडलेली लांब वाक्यं तिनं मोडली. विशेषणं काढली. पदनामं आखडली. इंग्रजीतल्या सहा ओळी मराठीत अडीच ओळींत आणायला ती शिकली. वाचायला जितका जास्त वेळ लागत होता तितका मजकूर तिनं कापला, आणि बुलेटिन पूर्वीसारखंच दहा मिनिटांत बसत राहिलं. विभागप्रमुख नव्या मुलांना तिचे कागद दाखवायचे, "बघा, एक शब्द जास्त नाही." नवी मुलं तिच्यासारखं लिहायला शिकली. ज्या गोष्टीवरून ती आजारी आहे हे उघड व्हायला हवं होतं, ती शैली म्हणून शिकवली जात होती. बाहेरच्या कुठल्या धंद्यात ही चूक झाली असती असं मला वाटत नाही. हिशेब लिहिणारा माणूस हळू झाला असता तर पंधरा दिवसांत कळलं असतं.

रक्तदाब सापडला तो सरकारी दवाखान्यात, खोकल्याचं औषध आणायला गेली तेव्हा. तिथले डॉक्टर भले होते, दमलेले होते, आणि बाहेरच्या बाकावरची रांग कधी संपत नव्हती. त्यांनी पट्टा बांधला, पारा बघितला, पुन्हा बघितला. म्हणाले, "बहनजी, ऊपर का तो चलो ठीक है. नीचे का ज़्यादा है." खालचा आकडा शंभराच्या वर होता. "काम क्या करती हैं?" बातम्या वाचते म्हटल्यावर त्यांना सगळा उलगडा झाला. रोज लाखो लोक ऐकतात, एक चूक झाली की संपलं. मग टेन्शन नाही तर काय होणार? मलाही ते पटलं. त्यांनी मीठ बंद करायला सांगितलं आणि एक गोळी दिली. पुढे ती बदलून नाडी शांत करणारी दुसरी दिली.

घरातलं मीठ गेलं. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि लिंबू एवढंच. मुलगी वरणात बोट बुडवून म्हणायची, "बाबा, ये क्या है? गरम पाणी?" वरचा आकडा थोडा उतरला. खालचा हलला नाही. गोळी वाढवली, तरी हलला नाही. बायको आणखी थकली. दवाखान्यातून येताना एकदा जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि म्हणाली, "अहो, मला खरंच टेन्शन नाहीये. मी आत जाते, दिवा लागतो, आणि मला अगदी शांत वाटतं. फार शांत. झोप येण्यासारखं."

मी म्हणालो, "मनाला कळत नाही, शरीराला ताण येतच असतो."

ती कठडा धरून पुढे चढायला लागली.

शेवटी डॉक्टरांनी सुचवलं की माइकचं काम सोडा. चिठ्ठी देतो, टेबलावरचं भाषांतर तेवढं करा. त्या दिवशी ती घरी येऊन बराच वेळ बाल्कनीत बसली. मला वाटलं चहा झाल्यावर बोलेल. मग मीच बाहेर गेलो.

"चिठ्ठी घ्यायची का?" मी विचारलं.

"मी भाषांतर करीन आणि दुसरं कुणी तरी वाचेल," ती म्हणाली. "माझं वाक्य कुठे मोडायचं ते त्यांना कसं कळणार?"

"शिकतील."

"शिकतील," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही हो. स्वयंपाकही मला धड येत नाही, तुम्ही कधी बोलला नाहीत ते सोडा. माइक गेला तर मी नुसती दिल्लीत राहणारी एक बाई."

चिठ्ठी घेतली नाही. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. कोण काय बोललं, कुणाला नवीन ड्यूटी मिळाली, तिचा आकडा किती आला, सगळं त्या माइकपाशी येऊन थांबायचं.

याच सुमारास आम्ही क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशच्या हद्दीत, वसुंधरेला राहायला गेलो. सोसायटीत नंबर लागून बरीच वर्षं झाली होती. फ्लॅट मिळाला तेव्हा सेक्टर अर्धा उभा होता. चारी बाजूंना सळया वर आलेले खांब, सिमेंटची धूळ, दिवसभर जनरेटर. पाणी टँकरचं. मराठी घर आमचं एकटंच. आर. के. पुरममध्ये दवाखाना चालत जाण्याइतका होता. इथून तिथे जायचं म्हणजे अर्धा दिवस. ऑफिसची गाडी राज्याची हद्द ओलांडून यायला तयार नव्हती, त्यामुळे तिची सकाळची ड्यूटी गेली. दुपारची मिळाली, आणि ती चार्टर्ड बसनं जायला लागली. बसमध्ये बसली की झोपायची. कंडक्टरच उठवायचा, "मैडम, न्यूज़ का टाइम हो गया."

त्या वर्षी बजेटच्या दिवशी मजकूर उशिरा आला. बजेटचा मजकूर येतोच उशिरा, आणि आकड्यांनी भरलेला असतो. त्यातला आकडा काढता येत नाही. तिला कापायला वेळ मिळाला नाही. मी ग्रंथालयात, आमच्या साहेबांच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरवर ऐकत होतो. ती नेहमीच्या संथपणे वाचत होती. कर, सूट, तूट. माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. अजून एक अख्खं पान बाकी असणार, हे मला तिच्या चढ-उतारांवरून कळत होतं. तिनं वेग वाढवायचा प्रयत्न केला. एका शब्दावर जीभ अडखळली, तो पुन्हा घेतला. ठळक बातम्यांतली पहिलीच सुरू झाली होती, आणि मधोमध पुढच्या कार्यक्रमाचं संगीत लागलं.

साहेबांनी ट्रान्झिस्टर बंद केला. म्हणाले, "हो जाता है."

संध्याकाळी ती आली. हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला. मग म्हणाली, "मी पळायचं म्हणत होते. डोळे पुढच्या ओळीवर होते. तोंड मागे राहिलं." तिला रडूही येत नव्हतं. विभागप्रमुख चांगले होते. त्यांनी कागदावर काही आणलं नाही. फक्त म्हणाले, थोडी रजा घ्या, तब्येत बघा, आल्यावर पुन्हा एकदा आवाजाची चाचणी घेऊ. पंचवीसेक वर्षं वाचलेल्या बाईला चाचणी. ते नवीन भरतीच्या मुलींना असतं.

दवाखाना लांब म्हणून मी तिला आमच्याच मार्केटमध्ये नेलं. तिथे एका वयस्क डॉक्टरबाईंनी नुकतीच पाटी लावली होती. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, मूळच्या कानपूरच्या. सेक्टरमध्ये माणसंच कमी, त्यामुळे बाहेर कुणी बसलेलं नव्हतं. मला आजही वाटतं, त्या रिकाम्या बाकांनीच अर्धं काम केलं. त्यांना घाई नव्हती.

त्यांनी पट्टा बांधला, आकडा बघितला. मनगट धरून बराच वेळ नाडी बघितली. मग विचारलं, "रेडियो पर पढ़ती हैं, तो यह बताइए, आवाज़ शुरू से ऐसी ही है?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "नहीं जी. पहले पतली थी. तेज़ बोलती थीं."

"कितना तेज़?"

"मुझे बोलने नहीं देती थीं."

डॉक्टरबाई हसल्या. बायको म्हणाली, "अब भी नहीं देती. बस देर से रोकती हूँ."

त्यांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठ आमच्याकडे करून बसवलं, देवळात बसावं तसं. पावलं मोकळी लोंबत होती. छोट्या हातोडीनं टाचेच्या वरच्या शिरेवर टक् केलं. पाऊल पटकन झटकलं गेलं आणि मग सावकाश, अगदी सावकाश परत आलं. जाडजूड दार आपोआप लागतं तसं. पुन्हा टक्. पुन्हा तसंच. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "देखिए. जाता ठीक है, लौटने में देर लगाता है." मग तिला म्हणाल्या, "बेटा, जिसको टेन्शन होता है उसकी नब्ज़ ऐसे नहीं चलती. गले का टेस्ट कराते हैं."

थायरॉईडचा रिपोर्ट आला. टीएसएचच्या पुढचा आकडा कागदावरच्या चौकटीच्या कितीतरी बाहेर होता. मला तो बघून वाटलं, हार्मोन फार वाढलंय. डॉक्टरबाईंनी समजावलं की ते उलट असतं. टीएसएच गळ्यातली ग्रंथी बनवत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी पाठवते, आणि तिच्यावर मेंदूतल्याच हायपोथॅलॅमसची देखरेख असते. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की मेंदू हुकूम सोडतो: बनव. गळ्यातली ग्रंथी थकलेली असली तर बनवत नाही. मग मेंदू आणखी मोठ्यानं सांगतो. हा मोठा आकडा म्हणजे मेंदूची हाक होती. किती वर्षं चालली होती कोण जाणे. जाड झालेला आवाज, मंदावलेलं बोलणं, थंडी, सुजलेला चेहरा, सगळं त्याच टंचाईचं होतं.

"और बीपी?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, हार्मोन नसलं की हृदय मंद पडतं, आणि रक्तवाहिन्या सैल व्हायला विसरतात. त्या आवळून राहतात. म्हणून दोन ठोक्यांच्या मधला, विश्रांतीचा दाब उतरत नाही. तोच खालचा आकडा. मीठ बंद करून तो उतरणार नव्हता, आणि नाडी मंद करणाऱ्या गोळीनं, आधीच मंद असलेल्या नाडीचं आणखी काय होणार होतं? ती गोळी त्यांनी हळूहळू कमी करून बंद केली. थायरॉईडची दिली, अगदी थोड्या प्रमाणात, पुढे वाढवत न्यायची अशी. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. डोळे उघडले की चहा लागणाऱ्या माणसाला तेवढंच खरं पथ्य होतं.

मी ग्रंथालयातला माणूस. त्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका ग्रंथालयात जाऊन शरीरशास्त्राची पुस्तकं आणि नियतकालिकं वाचत बसलो. सगळं कळलं असं म्हणणार नाही. जे कळलं ते असं: मेंदू हे हार्मोन रक्तातून जसं येतं तसं वापरत नाही. मेंदूतल्या काही पेशी त्याचं कामाचं रूप स्वतःच तयार करतात आणि शेजारच्या मज्जापेशींना देतात. शरीरात टंचाई असली तरी मेंदू आपल्यापुरतं जमेल तितकं राखून ठेवतो. आणि हायपोथॅलॅमसच्या ज्या भागातून ग्रंथीला हुकूम सुटतो, त्याच्या आसपासच नाडी आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या पेशीही असतात. त्यांनाही ते हार्मोन लागतं. उंदरांमध्ये ते तिथे पोचलं नाही तर हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची घडी बिघडते. माणसांत यातलं किती रक्तवाहिन्यांमुळे आणि किती मेंदूमुळे, यावर पुस्तकं एकमेकांशी सहमत नव्हती. मी पुस्तकं परत ठेवली. तिच्या शांत वाटण्याबद्दल मात्र मला कळलं. त्या लाल दिव्यापुढे तिला जी झोप यायची, ती झोप आणि वर गेलेला आकडा एकाच कारणाची दोन टोकं होती. ती जिन्यात खरं बोलत होती.

बरं व्हायला महिने लागले. पहिल्यांदा शाल गेली. मग चेहऱ्यावरची सूज. एका सकाळी मी दाढी करत असताना ती स्वयंपाकघरातून काही तरी सांगत होती आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढच्या विषयावर गेली होती. मी ब्रश हातात धरून उभा राहिलो. मुलगी खोलीतून म्हणाली, "बाबा, आई फास्ट फॉरवर्ड हो गई."

खालचा आकडा उतरला. पूर्ण नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतकी वर्षं ताणलेल्या वाहिन्या थोड्या कडक झालेल्या असतात, त्या पुन्हा कोवळ्या होत नाहीत. एक साधी गोळी चालू ठेवावी लागेल. पुढे कितीतरी वर्षांनी, ती गेल्यावर, मी त्यांच्याकडे एकदा गेलो होतो. त्याही आता बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत. मी विचारलं, आधी सापडलं असतं तर? त्या म्हणाल्या, "शायद. शायद नहीं भी. मैं झूठ नहीं बोलूँगी." मग त्यांनी मला चहा दिला आणि आम्ही दुसरं बोललो. त्यांना रागावण्यासारखं काही नव्हतं. त्या पहिल्या डॉक्टरांनाही नव्हतं. बाहेर रांग होती आणि त्यांना आवाजाचं काही माहीत नव्हतं.

वाढवत नेलेली रजा संपली तेव्हा तिच्यापुढे चाचणी होती, आणि आता तिला वेगळीच धास्ती होती. आवाज परत आला होता: बारीक, स्वच्छ, झरझर. वयानं थोडा खरखरीत, पण तिचा. ऑफिसला हवा होता तो जड आवाज. चाचणी झाली. विभागप्रमुख काचेपलीकडून बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, उत्तम. पण तो पहिला भारदस्तपणा जरा... सर्दीबिर्दी बरी झाली वाटतं." ती म्हणाली, "सर्दी नव्हती सर. आजार होता, तो बरा झाला." ते म्हणाले, "मग वाचा बाई. लोकांना सवय होईल." एवढ्यावर तिला माइक परत मिळाला.

पहिल्या दिवशी मी रजा घेतली होती. वसुंधरेला वीज नव्हती, मी सेलवरचा रेडिओ घेऊन बाल्कनीत बसलो. समोर मजूर विटा वर पोचवत होते. तिनं सुरुवात केली आणि मला एक क्षण वाटलं, आपण लग्नाच्या वेळच्या खोलीत आहोत. वाक्यं तुटक होती, कापलेली, पण आवाज पळत होता. परराष्ट्र, संसद, पाऊसपाणी, क्रिकेट. मग ठळक बातम्या. आणि मग ती थांबली.

शांतता. रेडिओवरची शांतता घरातल्या शांततेपेक्षा मोठी असते. मला कळलं की काय झालंय. लिहिताना तिच्या हातानं जुन्याच मापानं लिहिलं होतं, आणि वाचताना तोंड नव्या वेगानं गेलं. मजकूर संपला होता, वेळ शिल्लक होता. मी रेडिओवर हात ठेवला, जणू त्यानं काही होणार होतं.

कागद उलटल्याचा आवाज आला. मग तिनं हवामान पुन्हा सांगितलं, सगळ्या विभागांचं, एकही शब्द न गाळता: कोकणात तुरळक, मराठवाड्यात कोरडं, विदर्भात काही ठिकाणी. मग तापमान. घाई केली नाही, रेंगाळलीही नाही. विदर्भाचं कमाल तापमान सांगून झालं आणि संगीत लागलं.

संध्याकाळी बसनं आली. दार उघडताच म्हणाली, "ऐकलंत?"

"ऐकलं."

"केवढा वेळ उरला हो. मला काय करावं सुचेना."

"हवामान छान सांगितलंस."

"आता वाक्यं परत लांब लिहायला हवीत," ती म्हणाली आणि चपला काढायला वाकली. "ती 'जे' आणि 'ज्यामुळे'वाली. मी विसरूनच गेलेय."

रात्रीचं जेवण झाल्यावर ती टेबलाशी बसली. त्या दिवशीचं इंग्रजी वर्तमानपत्र पुढे घेतलं, एक बातमी निवडली आणि मराठीत उतरवायला लागली. मधेच मला हाक मारली, "अहो, 'असं असलं तरी'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की पूर्णविराम?" मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि आम्ही दोघं ते वाक्य बघत राहिलो.

पुढे ती निवृत्त होईपर्यंत वाचत होती.